एका झऱ्यामुळे वसलं चंद्रपूर. मग गावातला झरा आटतो तेव्हा नेमकं काय जातं?

मोबाईलवरचा नकाशा उघडा. चंद्रपूर-गडचिरोली भागात जा आणि 'झर' या अक्षरांनी गावं शोधून पाहा.

नागभीड तालुक्यात घोडाझरी. ताडोबाच्या बफरमध्ये झरी. दक्षिणेला झरणचं जंगल. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात तर झरी-जामणी नावाचा अख्खा तालुका. आणि खुद्द चंद्रपूर शहराला लागून वाहते ती झरपट नदी.

या भागात जमिनीतून पाणी कुठे वर येतं, याची यादी आपल्या आधीच्या लोकांनी गावांच्या नावांत लिहून ठेवली आहे. आज त्यातले किती झरे वाहतात? त्यांचं पाणी पिण्यासारखं आहे का? झरा आटतो तेव्हा त्यामागे काय घडलेलं असतं? आणि गावाला तो वाचवता येतो का? समजून घेऊया.

आधी गोष्ट : राजा, तहान आणि कोरडी नदी

चंद्रपूर कसं वसलं याची आख्यायिका इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. ब्रिटिश काळात ती लिहूनही ठेवली गेली. मेजर लूसी-स्मिथ या अधिकाऱ्याने १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल तयार केला, त्यात ती सविस्तर येते.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी आल्या होत्या. कुठलाच उपाय लागू पडत नव्हता. राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर (हे आज तेलंगणात आहे) सोडलं आणि वर्धा नदीच्या काठी किल्ला बांधला. तेच आजचं बल्लारपूर.

एकदा शिकारीला गेलेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपटच्या कोरड्या पात्रात उतरला. तिथे एका खड्ड्यात पाणी झिरपत होतं. तो प्यायला, हातपाय-तोंड धुतलं. त्या रात्री त्याला शांत झोप लागली आणि सकाळी राणीने पाहिलं तर गाठी गेलेल्या. दोघं पुन्हा त्या जागी आले. वाळू आणि गवत बाजूला केलं तेव्हा खडकात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे दिसले. पाचही पाण्याने भरलेले आणि कितीही उपसलं तरी न आटणारे.

त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे राजाने ससा कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिला, त्या वाटेवर शहराचा परकोट आखला गेला, अशी कथा पुढे जाते. 

गाठी पाण्याने बऱ्या झाल्या का, हा प्रश्न बाजूला ठेवू. इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला या कथेत वेगळी गोष्ट दिसते. राजधानीची जागा ठरवताना लोकांच्या आठवणीत राहिलं ते एकच कारण : नदी कोरडी असतानाही इथे पाणी होतं.

ताडोबाची कथाही अशीच. तहानलेलं लग्नाचं वऱ्हाड जंगलातून चाललं होतं, जमीन खोदली, झरा उसळला आणि पाणी वाढत वाढत अख्खं वऱ्हाड बुडालं. तोच ताडोबा तलाव, असं सांगतात. म्हणजे जिल्ह्याचं मुख्य शहर आणि जिल्ह्याची जगभरातली ओळख, दोघांच्याही मुळाशी तहान आणि झरा आहे.

झरा आणि झिरा यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. पण गावात फरक पक्का असतो.

झरा म्हणजे जमिनीखालचं पाणी स्वतःहून बाहेर येतं आणि वाहतं. कुणी उपसावं लागत नाही.

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत किंवा मुरमात हाताने केलेला खड्डा. त्यात पाणी हळूहळू झिरपतं आणि वाटीने, तुंब्याने भांड्यात भरावं लागतं. जिवतीच्या पहाडावर कोलामांच्या गुड्यांत आणि गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया गावांत उन्हाळ्यात झिऱ्याचाच आधार असायचा. काही ठिकाणी अजूनही आहे.

दोन्हींचं पाणी एकाच ठिकाणचं असतं : पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं.

पाणी येतं कुठून?

माठाचं उदाहरण घ्या. माठ भरला की बाहेरून ओला होतो, कारण भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात. आता कल्पना करा की माठाच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून-बाहेरून डांबर लावलं आहे. पाणी वरच्या भागातूनच झिरपेल आणि डांबर सुरू होतं त्या रेषेवर बाहेर दिसेल.

टेकडीत नेमकं हेच होतं. वर सच्छिद्र थर, खाली घट्ट थर. पाणी मुरतं, घट्ट थरावर अडतं, आडवं सरकतं आणि टेकडीच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. याला संपर्क झरा म्हणतात. खडकाच्या भेगेतून पाणी आलं तर तो भेगेचा झरा. जमिनीचा खोलगट भाग भूजलाच्या पातळीला टेकला आणि पाणी साचून वाहू लागलं तर तो खोलगटाचा झरा.

चंद्रपूर-गडचिरोली या बाबतीत नशीबवान आहेत. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसॉल्टचा. इथे मात्र काही तासांच्या प्रवासात चार-पाच प्रकारचे खडक बदलतात.

पश्चिमेला वरोरा-जिवतीकडे बेसॉल्ट आहे. राजुरा-कोरपना भागात चुनखडक, म्हणून तिथे सिमेंटचे कारखाने. भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर या पट्ट्यात गोंडवाना काळातला वालुकाश्म आणि त्याच्या पोटात कोळसा. पूर्वेला सिंदेवाही, नागभीड आणि गडचिरोलीचा मोठा भाग ग्रॅनाइट-नाईससारख्या अतिप्राचीन खडकांचा.

वालुकाश्म पाणी चांगलं साठवतो. चुनखडकात पाणी विरघळलेल्या वाटांनी धावतं. ग्रॅनाइट स्वतः घट्ट, पण त्याचा वरचा कुजलेला थर, ज्याला आपण मुरूम म्हणतो, तो स्पंजासारखं काम करतो. जिथे दोन वेगळे खडक भेटतात, तिथे झरा सापडण्याची शक्यता जास्त.

बादली आणि स्टॉपवॉच

हे सगळं पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्ष झरा पाहायला म्हणून हिवाळ्यात नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातल्या एका लहान गावात गेले. वाघाचा वावर असलेलं जंगल आहे, तिथे अनोळखी लोकांची ये-जा वाढू नये म्हणून गावाचं नाव देत नाही.

गावापासून दहा-बारा मिनिटांची पायवाट. टेकडीच्या पायथ्याशी उंबराचं झाड, खाली दगडांची जुनी बांधणी आणि एका फटीतून मनगटाएवढी पाण्याची धार. शेजारी शेंदूर लावलेला दगड. त्याच्यापुढे चप्पल काढायची, हे कुणी सांगावं लागत नाही.

दोन बाया स्टीलचे गुंड भरत होत्या. सोबत आलेल्या आजींनी माझ्या हातातली दहा लिटरची बादली पाहिली.

"काय करतं वं बाई बादलीचं?"

"आजी, पाणी मोजायचंय. किती येतं ते."

"पेऊन पाय आधी, मंग मोज."

प्यायले. गार होतं, गोडसर होतं. (हे मी करायला नको होतं, का ते पुढे सांगते.) मग मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. तीन वेळा बादली भरली. सरासरी ४० सेकंद.

आता हिशेब. ४० सेकंदांत १० लिटर म्हणजे मिनिटाला १५ लिटर. तासाला ९००. दिवसाला २१,६०० लिटर. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई, दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरलं आहे. त्या हिशेबाने ही मनगटाएवढी धार सुमारे ३९० माणसांना पुरते. वीज नाही, मोटर नाही, बिल नाही.

आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "येक झन दिसभर धरून बसन तवा नं! अन् मे महिन्यात ये. तवा गुंड लावून ठेवाचा, घरी जाऊन भाकर करून याचं, मंग भरते."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. झऱ्याचं खरं माप हिवाळ्यात कळत नाही. धार मिनिटाला १५ लिटरवरून ४ लिटरवर आली, तर दिवसाचं पाणी ५,७६० लिटर होतं आणि ते १०४ माणसांनाच पुरतं. तेही रात्रीचं पाणी साठवायला टाकी असेल तर. नसेल तर रात्रभराची धार नाल्याला जाते आणि सकाळी गुंडांची रांग लागते.

गावात नळ आहे का? आहे. सौर पंपाची टाकीही आहे. मग झऱ्यावर का येता? बायांची उत्तरं साधी होती. ढगाळ दिवसांत टाकी भरत नाही. पंप बिघडला की दुरुस्तीला दिवस जातात. आणि नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही.

शेवटचं उत्तर हसण्यावारी नेऊ नका. डाळ न शिजणं म्हणजे पाणी जड असणं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असणं. बोअरचं पाणी खोल खडकात जास्त काळ राहिलेलं असतं, त्यामुळे ते क्षार उचलतं. झऱ्याचं पाणी बहुधा उथळ थरातलं आणि कमी काळ मुरलेलं असतं. प्रयोगशाळेशिवाय लावलेला हा अंदाज शास्त्राला धरूनच आहे.

मग झऱ्याचं पाणी सुरक्षित आहे का?

इथे दोन वेगळे धोके आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला धोका फ्लोराइडचा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००, २०१२) सांगतं की फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडं-सांधे आखडतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या खनिजांतून ते येतं, म्हणून खोल बोअरमध्ये शक्यता जास्त, उथळ झऱ्यात तुलनेने कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. तपासल्याशिवाय खात्री नाही. आणि लक्षात ठेवा, उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचं प्रमाण थोडं वाढतं.

दुसरा धोका जंतूंचा. इथे झरा बोअरपेक्षा कमकुवत आहे. पाणी उथळ थरातून येतं. वर गुरं चरत असतील, लोक उघड्यावर शौचाला जात असतील, रानडुकरं लोळत असतील, तर पहिल्या पावसात ती घाण झऱ्यात उतरते. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू सापडता कामा नये. डोळ्यांना नितळ दिसणारं पाणीही या चाचणीत नापास होऊ शकतं. म्हणून मी न तपासता प्यायला नको होतं.

उपाय काय? झऱ्यात ब्लीचिंग पावडर टाकून उपयोग होत नाही. पाणी वाहतं आहे, पावडर वाहून जाते. आणि खाली त्याच नाल्यावर जनावरं पाणी पितात. क्लोरीन टाकायचं ते साठवण टाकीत किंवा घरच्या भांड्यात. टाकून अर्धा तास थांबायचं. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ते जमत नसेल तर पाणी खळखळून उकळायचं.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याचं हे काम आहे. शिवाय जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याच्या किटचं, म्हणजे एफटीकेचं, प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे एकदा ग्रामसेवकांना विचारा. आणि त्यांनी हातपंप तपासला, तसा झराही तपासला का, हेही विचारा.

भरपूर पाऊस पडतो, तरी झरा का आटतो?

चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे काही दुष्काळी भाग नाही. वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो आणि मग चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. झऱ्याचं काम या दोन टोकांना जोडण्याचं. तो पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पोचवतो.

हे जोडकाम तुटण्याची मुख्य कारणं अशी.

एक, वरची जमीन बदलते. जंगलातला पालापाचोळा आणि मुळं पावसाचा वेग मोडतात, पाणी मुरतं. तीच जमीन उघडी पडली, आगीने जळाली किंवा गुरांच्या खुरांखाली घट्ट झाली, की पाणी वरच्यावर वाहून जातं. पाऊस तेवढाच, मुरतं मात्र कमी.

दोन, खाली बोअर होतात. झरा म्हणजे भूजलाचं भांडं काठोकाठ भरल्यावर सांडणारं पाणी. भांड्याच्या तळाशी नळ्या घातल्या तर ते काठापर्यंत भरणारच नाही. झरा सगळ्यात आधी आटतो, कारण तो सगळ्यात वर असतो. बोअरला पाणी लागतं आहे, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

तीन, खाणी. उघडी खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तिच्यात चहूबाजूंनी पाणी येतं आणि कोळसा काढायचा तर ते पाणी सतत उपसावं लागतं. त्यामुळे आसपासची भूजल पातळी खाणीच्या दिशेने उतरते. या उताराचा आकार नरसाळ्यासारखा असतो. तो किती दूर पसरतो हे खडकावर अवलंबून असतं. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती अशा खाणींच्या या जिल्ह्यात हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे.

चार, आपणच केलेली 'सुधारणा'. झऱ्याचं तोंड मोठं करायला सब्बल मारली, सुरुंग लावला किंवा त्यावर थेट काँक्रीट ओतलं, तर पाण्याची वाट बदलू शकते. भेग थोडी खाली उघडली की धार तिकडे वळते. चांगल्या हेतूने केलेल्या बांधकामानेही झरा हरवतो.

सहा हेक्टरचा हिशेब

झरा वाचवायचा म्हणजे झऱ्यापाशी काम करायचं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. काम करायचं असतं ते वर, जिथे पाणी मुरतं तिथे. आणि ती जागा वाटते तेवढी मोठी नसते.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १,३०० मिलिमीटर पावसाचे होतात १ कोटी ३० लाख लिटर. यातलं फक्त १० टक्के मुरलं असं धरू : १३ लाख लिटर.

आमच्या त्या झऱ्याची हिवाळ्यातली धार वर्षभर टिकली असं समजलं, तर त्याला वर्षाला सुमारे ७९ लाख लिटर पाणी लागेल. भागाकार करा. उत्तर येतं सुमारे ६ हेक्टर, म्हणजे १५ एकर.

हा ढोबळ हिशेब आहे. मुरण्याचं प्रमाण खडकागणिक आणि उतारागणिक बदलतं. पण त्यावरून आवाका कळतो. चारशे माणसांच्या पिण्याचं पाणी एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या जमिनीएवढ्या तुकड्यावर अवलंबून असू शकतं. तो तुकडा कुठला, हे माहीत असलं पाहिजे, एवढंच.

अडचण अशी की तो झऱ्याच्या थेट वर असेलच असं नाही. खडकाचे थर कललेले असतील तर पाणी टेकडीच्या पलीकडच्या उतारावर मुरून अलीकडे निघू शकतं. म्हणून भूगर्भशास्त्रज्ञाची गरज लागते. राज्यात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए करते आणि तिची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत.

इतरांनी काय केलं?

सिक्कीमने २००८ मध्ये 'धारा विकास' नावाचा कार्यक्रम सुरू केला. आधी झऱ्यांची नोंद केली, मग प्रत्येकाचं पाणी कुठे मुरतं ते शोधलं आणि तिथे उतारावर आडवे चर खोदले. पुण्याच्या 'अ‍ॅक्वाडॅम' या संस्थेने अशा कामांसाठी देशभरात गावकऱ्यांना आणि संस्थांना भूजलाचं शास्त्र शिकवलं आहे. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटत चालले आहेत किंवा आटले आहेत, याकडे लक्ष वेधलं. त्यानंतर हा विषय देशाच्या धोरणात आला. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने सातव्या लघुसिंचन गणनेबरोबर देशातल्या झऱ्यांची पहिली गणनाही हाती घेतली.

आणि हे फक्त डोंगराळ, गरीब गावांचं काम आहे असं वाटत असेल तर ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना पाहा. १८७३ मध्ये तिथे आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी सुमारे ९५ किलोमीटर लांबून, पंपाशिवाय, फक्त उताराने शहरात आणलं गेलं. १९१० मध्ये दुसरी वाहिनी आली. लाखो लोकांच्या त्या शहराच्या नळांना आजही मुख्यतः तेच पाणी येतं. ते टिकलं, कारण झऱ्यांच्या वरचं जंगल शहराने स्वतःच्या ताब्यात घेऊन राखलं.

गावाला अधिकार आहे का?

आहे. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तो इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे.

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नुसार ग्रामसभेला आपल्या भागातलं पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत सुरक्षित ठेवण्याचा अधिकार आहे. कलम ३(२) नुसार पिण्याच्या पाण्याची सोय आणि जलवाहिनी यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, ही अट. म्हणजे झरा वनखात्याच्या जमिनीवर आहे, म्हणून टाकी बांधता येत नाही, हे उत्तर अंतिम नसतं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. त्यानंतर चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावसह दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक गावांना असे दावे मिळाले आहेत. ज्या गावाकडे सामूहिक वनहक्क आहे, त्याच्याकडे झऱ्याच्या वरच्या सहा हेक्टरचा निर्णयही आहे.

दुसरा आधार महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ चा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर त्यात निर्बंध आहेत. पण त्यासाठी तुमचा झरा 'सार्वजनिक स्रोत' म्हणून कागदावर असायला हवा. इथेच गाडी अडते. हातपंपाला नंबर असतो, विहिरीची नोंद असते. झरा मात्र 'होताच की आधीपासून' म्हणून कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. जे कागदावर नाही, ते आटलं तरी त्याची तक्रार कुणाकडे करणार?

तुमच्या गावात झरा असेल तर

हे सहा मुद्दे जपून ठेवा. पुढच्या ग्रामसभेत कामी येतील.

१. वर्षातून किमान तीनदा धार मोजा : ऑक्टोबर, जानेवारी आणि मे. ठरलेली बादली, मोबाईलचं स्टॉपवॉच, तीन वेळा मोजून सरासरी. आकडे वहीत तारखेसह लिहा. दोन-तीन वर्षांची अशी वही असेल तर अधिकाऱ्यांशी बोलणं सोपं जातं.

२. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाणी तपासून घ्या. फ्लोराइड आणि जंतू, दोन्ही.

३. झऱ्याची नोंद ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांत करून घ्या. ग्रामसभेचा ठराव करा.

४. झऱ्याच्या तोंडाशी फोडाफोडी नको. टाकी बांधायची तर थोडी खाली, आणि तांत्रिक सल्ल्याने. ओसंडणारं पाणी नाल्याला सोडा. जंगलातली जनावरंही त्यावर जगतात.

५. वरच्या भागात गुरं, शौच आणि आग थांबवा. समतल चरांसारखी कामं रोजगार हमीतून घेता येतात.

६. वाघाच्या भागात पहाटे आणि सांजेला एकट्याने झऱ्यावर जाऊ नका. पाण्याची वेळ जनावरांचीही तीच असते.

पुन्हा झरपटवर

परतताना चंद्रपुरात अंचलेश्वरला थांबले. देवळाशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत, पलीकडे महाकालीचं मंदिर आणि खाली झरपट. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात आणि याच नदीत आंघोळ करतात.

ज्या नदीच्या कोरड्या पात्रातलं पाणी पिऊन राजा बरा झाला असं हे शहर सांगतं, त्या नदीत आज शहराचं सांडपाणी येतं आणि जलपर्णी पसरते. शहर पाणी पितं ते इरई धरणाचं. झरपटची गरज उरली नाही आणि गरज संपली तसं लक्षही गेलं.

गावातल्या झऱ्यांचं पुढे काय होणार, हे कळायला म्हणून फार लांब जावं लागत नाही. घरोघरी नळ येणं ही चांगली गोष्ट आहे, ते यायलाच हवेत. कुणाच्या आईने-आजीने जंगलातून गुंड वाहावेत, असं कुणीच म्हणणार नाही. पण नळ आला म्हणून झऱ्याकडे पाठ फिरवली, तर पंप बंद पडेल त्या दिवशी मागे वळून पाहायला काही उरणार नाही.

आजींनी निघताना विचारलं होतं, "मे महिन्यात येशीन नं मोजाले?"

हो म्हटलं आहे. बादली तीच नेणार आहे.